लॉस्ट कोस्टवर फक्त बायकांच्या गटात, गाइड घेऊन जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही फ्रीमाँटला राहता, वय ४९, मूळच्या दापोलीच्या. उत्तर कॅलिफोर्नियातल्या लॉस्ट कोस्ट ट्रेलची, फक्त बायकांसाठी असलेली चार दिवसांची गाइडेड ट्रिप तुम्हाला आवडली आहे. पण समुद्र लहानपणापासून पाहिलेला, वाट किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी, रस्ता चुकायचा प्रश्नच नाही. मग गाइडला पैसे कशाला मोजायचे, दोघीतिघी मैत्रिणी मिळून गेलो तर काय बिघडलं? शिवाय गुडघा, पाळी, शाकाहारी जेवण आणि घरच्यांची काळजी.

पहिल्यांदाच जात असाल तर गाइड घ्याच. मी गुहागरची, ही वाट अशाच एका गटाबरोबर चालले आहे, आणि तुम्ही कोकणातल्या आहात म्हणूनच हे जरा ठासून सांगते. आपल्याला समुद्राची भीड नसते. कर्द्याच्या किंवा मुरूडच्या पुळणीवर ओहोटीला पाणी लांब जातं, भरती चढली तर आपण चार पावलं मागे सरकतो. मागे सुरूचं बन असतं, वाडी असते, रस्ता असतो. लॉस्ट कोस्टला मागे सरकायला जागाच नाही. बऱ्याच ठिकाणी एका हाताला उभा ढासळता कडा, दुसऱ्या हाताला पॅसिफिक आणि मधे जेमतेम काही पावलांची काळी वाळू नाहीतर गोटे. भरतीला तेवढंही उरत नाही, लाट थेट कड्याच्या पायाला लागते.

हा भाग असा का आहे ते समजलं की बाकीचं आपोआप कळतं. किंग पीक समुद्रापासून जेमतेम पाच किलोमीटरवर आणि उंची १,२४६ मीटर. डोंगर इतके खडे की किनाऱ्याने येणारा हायवे १ इथे किनारा सोडून आत वळवावा लागला. म्हणून तर हा किनारा हरवल्यासारखा राहिला. मेंडोसिनोच्या टोकाजवळ भूकवचाचे तीन तुकडे एकमेकांना भिडतात, त्यामुळे जमीन अजून वर येतेच आहे. एप्रिल १९९२ मधल्या ७.२ च्या भूकंपात पेट्रोलिया गावाजवळच्या किनाऱ्याचा काही भाग एक मीटरहून जास्त उचलला गेला. भूकंप जाणवला तर त्सुनामी येऊ शकते, म्हणून फोनवर इशारा येण्याची वाट न बघता उंचावर चढायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फोन तसाही तिथे लागत नाही.

आता भरती-ओहोटी, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा. मॅटोल नदीच्या मुखापासून दक्षिणेला शेल्टर कोव्हच्या ब्लॅक सँड्स बीचपर्यंत ही वाट साधारण ४० किलोमीटर आहे. वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणून लोक उत्तरेकडून दक्षिणेकडे चालतात. वारा पाठीवर राहतो. यातले जवळजवळ साडेसहा-साडेसहा किलोमीटरचे दोन टप्पे भरतीत चालता येत नाहीत. पहिला सी लायन गल्च ते रँडल क्रीक, दुसरा मिलर फ्लॅट ते गिचेल क्रीक. त्याआधी पंटा गोर्डाच्या टोकाशीही थोडं अंतर असंच अडचणीचं आहे. मऊ वाळू आणि हलते गोटे यांवर पाठीवर ओझं घेऊन तासाला दोन किलोमीटर झाले तरी खूप. म्हणजे एका टप्प्याला तीन-साडेतीन तास धरा. ओहोटीच्या आगेमागे पाणी पुरेसं खाली असण्याचा वेळही साधारण तेवढाच मिळतो. हिशेबात सैलपणा नाही तो इथे.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब तुम्ही घरी ऐकला असेल. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आपल्या किनाऱ्यावर तो छान चालतो. पण तो सांगतो वेळ. पाणी किती उतरणार ते सांगत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एकाच दिवसाच्या दोन ओहोट्यांत फार फरक असतो. एकीला पाणी टाइड टेबलच्या, म्हणजे भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याच्या, शून्याच्याही खाली जातं, दुसरीला तीन फुटांच्या आसपासच अडून राहतं. उन्हाळ्यात उधाणाच्या दिवसांत खरी खोल ओहोटी पहाटे येते. दुपारची ओहोटी टेबलमध्ये ओहोटी म्हणूनच छापलेली असते, पण तिच्या भरवशावर निघालेला माणूस कड्याखाली अडकू शकतो. त्यात दूरच्या वादळाची फुगलेली लाट टाइड टेबलमध्ये दिसतच नाही. ती वेगळी बघावी लागते, आणि शेवटी जागेवर उभं राहून डोळ्यांनीच बघावी लागते.

आमच्या गाइडने हे कसं केलं ते सांगते. दुसऱ्या अवघड टप्प्याच्या तोंडाशी आम्ही अंधारातच, डोक्याला दिवे बांधून पोचलो. टेबलाप्रमाणे निघायची वेळ झाली होती. तिने पाठपिशव्या उतरवायला लावल्या आणि समोरच्या टोकाखालचा एक खडक दाखवून म्हणाली, याच्याकडे बघत बसा. बराच वेळ लाटा त्या खडकाच्या अलीकडेच विरत होत्या. मला वाटलं, उगाच वेळ चाललाय. पंधरा-वीस मिनिटांनी एक लाट आली ती खडक बुडवून मागच्या कड्यावर हातभर चढली. मग तिने आणखी बराच वेळ जाऊ दिला, पाणी अजून उतरलं, तसलीच एक मोठी लाट आली पण आता खडकापाशीच थांबली. तेव्हा कुठे आम्ही निघालो. अशा मधूनच येणाऱ्या मोठ्या लाटेला तिकडे स्नीकर वेव्ह म्हणतात. पाणी दहा-बारा अंश सेल्सियसचं, म्हणजे पोहता येत असलं तरी पहिल्या झटक्यात श्वासच अडकतो. वाटेत कुक्सी, शिपमन, बक या ओढ्यांच्या तोंडाशी थांबायला जागा आहे. गट मागे पडला तर तिथे थांबून पुढची ओहोटी पकडायची, हे तिने निघायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. तुम्ही पैसे मोजता ते या धीरासाठी. वाट दाखवण्यासाठी नव्हे.

फक्त बायकांचा गट असावा का, यावर माझं स्पष्ट मत आहे: हो. वाट त्याने सोपी होत नाही आणि गट हळूही चालत नाही. आमच्यातल्या साठीच्या बाई सगळ्यांत तुरुतुरु चालायच्या. फायदा वेगळाच आहे. आपल्याला दुखणं अंगावर काढायची सवय असते. टाचेला फोड आलाय, पाळी सुरू झालीय, रात्री झोप नाही लागली, हे चारचौघांत, त्यातून पुरुषांसमोर, आपण बोलत नाही, रेटत राहतो. घरच्या ट्रिपला ते खपून जातं. इथे अवघड टप्प्याच्या मधोमध कोणाचा वेग निम्मा झाला तर सगळा गट पाण्यात सापडतो. आमच्या गटात सकाळच्या चहाबरोबर प्रत्येकीने आपलं अंग कसं आहे ते सांगायचं, अशी रीतच होती. एकीने पोटात दुखतंय म्हटलं, तर तिच्या पिशवीतला तंबू दुसऱ्या दोघींनी वाटून घेतला आणि आम्ही अर्धा तास लवकर निघालो. कोणी कोणावर उपकार केल्यासारखं बोललं नाही. मिश्र गटात हे होणारच नाही असं नाही, पण मी तरी इतक्या सहज होताना पाहिलेलं नाही.

गुडघ्याचं म्हणाल तर चढ हा इथे मुख्य त्रास नाही. त्रास आहे तो गोट्यांचा. नारळाएवढे गुळगुळीत गोटे मैलोन् मैल, पाय ठेवला की कलंडतात, आणि पाण्यालगतचे शेवाळाने हिरवे झालेले. दोन्ही हातांत काठ्या हव्यातच. मिशन पीक चढून दम वाढेल, पण घोट्याला आणि गुडघ्याला सवय होणार नाही. शनिवारी ओशन बीचवर किंवा लिमंटूरला जा, पाठीवर दहा-बारा किलो घ्या आणि मुद्दाम मऊ वाळूतून दोन-तीन तास चाला. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर डॉक्टरांशी बोलून मगच ट्रिपचे पैसे भरा.

शौचाबद्दल सगळ्या जणी विचारायला लाजतात. वाटेवर संडासांच्या भरवशावर राहायचं नाही. तिथली पद्धत अशी की भरतीच्या रेषेखालच्या ओल्या वाळूत सहा ते आठ इंच खड्डा करायचा, ओढ्यापासून दूर, आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा. मोकळ्या किनाऱ्यावर आडोसा फारसा नाही. बाकीच्या जणी पाठ फिरवून उभ्या राहतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं काही वाटेनासं होतं. पॅड पुरायचे नाहीत. आतलं दिसणार नाही अशा झिपलॉक पिशवीत घालून ती पिशवी रात्री अस्वलाच्या डब्यात. हा डबा, म्हणजे बेअर कॅनिस्टर, सक्तीचा आहे. काळी अस्वलं किनाऱ्यावर खरंच फिरतात, त्यामुळे वास येणारं सगळं त्यात जायला हवं: जेवण, टूथपेस्ट, सनस्क्रीनसुद्धा.

जेवणाची चिंता करू नका. शाकाहारी आहात हे नाव नोंदवतानाच कळवा, एवढंच. स्वतःचं काही न्यायचं तर डब्यातली जागा बघून न्या. चिवडा आणि पोह्याचे पापड जागा खातात. शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू, खजूर, आणि मेतकुटाची एक पुडी. रात्री गरम भातावर मेतकूट घातलं तेव्हा सगळ्या जणी वास घेत जवळ आल्या आणि पुडी तिथेच संपली. पाणी ओढ्यांचं, गाळून किंवा शुद्ध करूनच प्यायचं. ओढा ओलांडताना पिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलात तर ओझ्यातून लगेच सुटता येतं. हिवाळ्यात जायचा विचारही करू नका. त्या डोंगरांवर वर्षाला अडीच मीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक हिवाळ्यातच, आणि ओढे पार करण्यासारखे राहत नाहीत.

पंटा गोर्डाच्या दीपगृहापाशी मात्र वेळ काढा. ते १९१२ साली सुरू झालं आणि १९५१ मध्ये बंद झालं. आता त्याच्या आसपास एलिफंट सील लोळत असतात, आणि त्यांच्या घशातून निघणारा आवाज रात्री तंबूतही ऐकू येतो. त्यांच्यापासून लांब राहायचं. बसल्या जागी सुस्त दिसतात, पण उठले तर वेगात येतात. मला त्या पडक्या दीपगृहाच्या गोल जिन्याजवळ उभं राहून, दीपगृह सांभाळायला तिथे राहिलेल्या कुटुंबांचा विचार येत राहिला. सामानसुमान सगळं घोड्यावरून आणायचं, आणि हिवाळ्यात ओढे फुगले की तेही नाही.

ट्रिप ठरवण्याआधी कंपनीला फोन करा, ईमेल नको. त्यांच्याकडे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा, म्हणजे ही जागा सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचा, व्यावसायिक परवाना आहे का, गाइडने वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डरचं, म्हणजे रानावनातल्या प्रथमोपचाराचं, प्रशिक्षण घेतलं आहे का, किती जणींमागे एक गाइड, तंबू आणि स्वयंपाकाचं सामान कोण उचलणार, ब्लॅक सँड्सहून मॅटोलला सोडणारी गाडी भाड्यात धरली आहे का, हे सगळं विचारा. वळणावळणाच्या रस्त्याने त्या गाडीला पावणेदोन-दोन तास लागतात, ती गोष्ट लहान नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: लाट मोठी असेल तर तुम्ही काय करता? मी एका कंपनीला हा प्रश्न विचारला तेव्हा, आमचं वेळापत्रक कधी चुकत नाही, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी तिथेच फोन ठेवला. ज्या बाईंबरोबर गेले त्या म्हणाल्या, थांबतो, जास्तीच्या एका दिवसाचं जेवण बरोबर असतंच, आणि समुद्र फारच खवळला तर आलो तसे मॅटोलला परत जातो.

मैत्रिणी मिळून जायची इच्छा पुढच्या खेपेसाठी राखून ठेवा. तेव्हा परमिट रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर स्वतः काढावं लागेल, आणि दिवसाला ठरावीकच माणसं सोडत असल्यामुळे उन्हाळ्यातल्या तारखा लवकर संपतात. तारीख निवडताना आधी शेल्टर कोव्हचं टाइड टेबल उघडा, नंतर ऑफिसचं कॅलेंडर.

घरच्यांना निघायच्या आधी दोन गोष्टी नीट समजावून सांगा. वाटेवर नेटवर्क नाही, गाइडकडे सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र असेल, आणि रात्री एक ओळ येईल तेवढीच. दुसरी गोष्ट, परतायला एक दिवस उशीर झाला तर घाबरायचं नाही. समुद्र उतरेपर्यंत आम्ही कुठेतरी ओढ्याकाठी बसलेल्या असू. ट्रिप रविवारी संपत असेल तर सोमवारची आणि मंगळवारचीही रजा टाकून ठेवा.