जीन बदललेले डास: वाचकांचे काही प्रश्न

डास कमी करायचे म्हणून अजून डास सोडायचे, हे काय लॉजिक?

सोडतात ते फक्त नर, आणि नर चावतच नाही, तो फुलांच्या रसावर जगतो, रक्त लागतं मादीला, अंडी घालायला. डेंग्यू पसरवणारा जो एडिस इजिप्ती, त्याच्या नरात लॅबमध्ये एक जीन घालतात. हा नर बाहेरच्या मादीशी जुळला की होणाऱ्या पिल्लांतल्या मादी अळ्या मोठ्या व्हायच्या आत मरतात, नर मात्र जगतात आणि तोच जीन पुढे नेतात, पण दर पिढीला तो कमी होत काही पिढ्यांत नाहीसा होतो. ऑक्सिटेक कंपनीने असे डास २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवर सोडले. मग लॅबमध्ये माद्या जगतात कशा? तिथे त्यांना टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक देतात, ते असेपर्यंत तो जीन गप्प राहतो.

असा डास चावला तर माझे जीन बदलतील?

नाही. रोजच्या जेवणातून कितीतरी जीवांचा डीएनए पोटात जातो, त्यानेही बदलत नाहीत.

जीन ड्राइव्ह म्हणतात ते हेच ना?

नाही हो, आणि ही गल्लत फार जण करतात. साधा जीन निम्म्या पिल्लांत जातो, ड्राइव्हवाला जवळजवळ सगळ्यांत, कारण तो क्रिस्पर या जीन कापणाऱ्या तंत्राने जोडीचं गुणसूत्र कापतो आणि तिथे स्वतःची कॉपी बसवतो, म्हणजे वरचा प्रकार आपोआप विरतो आणि हा आपोआप पसरतो. २०१८ मध्ये इम्पीरियल कॉलेज लंडनच्या टीमने मलेरिया पसरवणाऱ्या अॅनोफिलिस गॅम्बिई डासावर हे करून पाहिलं, नर-मादी घडवणारा डबलसेक्स नावाचा जीन बिघडवला, दोन्ही कॉपी बिघडलेली मादी ना चावू शकते ना अंडी घालू शकते, आणि ७ ते ११ पिढ्यांत पिंजऱ्यातली अख्खी वस्ती संपली. उघड्यावर असे डास अजून सोडलेले नाहीत. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात २०१९ ला सोडले ते ड्राइव्ह नसलेले वांझ नर होते, तरी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने तो प्रकल्प थांबवला.

मला स्वतःला वाटतं की लॅबमधलं काम थांबवू नये, मलेरियाने आजही दरवर्षी लाखो माणसं जातात आणि त्यातली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं असतात. पण डासाला देशाची सीमा कळत नाही, त्यामुळे सोडायच्या आधी शेजारच्या देशांनाही विचारलंच पाहिजे, एका गावाच्या होकारावर भागणार नाही.

डास संपले तर निसर्गाची साखळी तुटेल का?

डासांच्या साडेतीन हजारांवर जाती आहेत, रोग पसरवणाऱ्या त्यातल्या थोड्या. एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेतला, बाकी जगात उपराच, तिथे तो गेल्याची मला फार चिंता नाही. गॅम्बिई मात्र आफ्रिकेत स्वतःच्या घरी आहे, म्हणून त्याला कोण खातं, त्याची जागा कोण घेईल हे आधी नीट बघायला हवं.

वोल्बाकियावाले डास पण जीएम, म्हणजे जीन बदललेलेच का?

नाही, वोल्बाकिया हा कीटकांत आढळणारा बॅक्टेरिया आहे, तो एडिसमध्ये सोडतात, जीनला हात लावत नाहीत. डासात डेंग्यूचा व्हायरस मग नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्यकार्ताच्या चाचणीत डेंग्यूच्या केसेस ७७ टक्के कमी झाल्या.