अजून एकदा बोलू का? – ब्रिजवरचे तुमचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच जागी अडली आहेत. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात आपण एकदा बोललो, म्हणजे बोली लावली, प्रतिस्पर्धीही बोलले आणि पाळी फिरून पुन्हा आपल्यावर आली. आता काय? मोठी उत्तरं या प्रश्नाला दिली आहेत, बाकीची थोडक्यात. (बोलीतला आकडा सहाच्या वर किती हात करणार ते सांगतो : ३ इस्पिक म्हणजे इस्पिक हुकूम धरून नऊ हात. जितके कमी पडतील तितके डाऊन.)

प्रश्न : टीम मॅच, कुणीच व्हल्नरेबल (म्हणजे ज्या बाजूचं बक्षीस आणि दंड दोन्ही वाढीव असतात अशी) नाही. डावीकडून १ बदाम, भिडू १ इस्पिक, उजवीकडून २ बदाम, मी २ इस्पिक. डावीकडचा ३ बदामवर गेला, दोन पास आणि पाळी माझी. माझी पानं : इस्पिक राणी-८-३, बदाम ७-५-२, चौकट राजा-गुलाम-४, किलवर राणी-८-६-२. आठ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) होते, इस्पिकला साथ होती, म्हणून ३ इस्पिक म्हटलं. दोन डाऊन. नंतर पाहिलं तर ३ बदामसुद्धा एक डाऊन जात होता. माझं कुठे चुकलं?

२ इस्पिक अगदी बरोबर होतं. चुकलं ते ३ इस्पिक, आणि चुकलं कारण तुम्ही पॉइंट मोजलेत. त्या क्षणी मोजायचे असतात ते हुकूम, दोन्ही बाजूंचे.

भिडूने मध्येच १ इस्पिक म्हटलं म्हणजे त्याच्याकडे पाच इस्पिक धरा. तुमची तीन, मिळून आठ. डावीकडे पाच बदाम, उजवीकडे साथीची तीन, तीही आठ. (तुमच्याकडे तीन बदाम आहेत, म्हणजे भिडूकडे दोन उरतात, हिशेब जुळतो.) दोन्हींची बेरीज १६. फ्रान्सच्या जाँ-रेने व्हर्न यांनी १९६० च्या दशकात मांडलेला नियम असा : दोन्ही बाजूंनी आपापल्या लांब रंगात खेळल्यास मिळणाऱ्या एकूण हातांची बेरीज साधारण दोन्हींकडच्या हुकमांच्या बेरजेइतकी येते. अमेरिकेच्या लॅरी कोहेन यांनी पुढे हाच नियम जगभरच्या खेळाडूंपर्यंत नेला.

आता १६ हात वाटून पाहा. आपले नऊ होत असतील तर त्यांचे सात : ३ इस्पिकला १४०, पण पास दिला असता तरी ते दोन डाऊन जाऊन १०० मिळालेच असते. फायदा ४० गुणांचा, एक इम्प (टीम मॅचमध्ये दोन टेबलांवरच्या गुणांच्या फरकावरून मिळणारा मॅचचा गुण). दोघांचे आठ-आठ असतील तर आपण ५० मिळवायचे सोडून ५० घालवतो, तीन इम्प गेले. त्यांचे नऊ आणि आपले सात असतील तर १४० द्यायच्या ऐवजी १०० देतो, पुन्हा एक इम्प वाचला. पण कुणी डबल (बोली पुरी होणार नाही, म्हणून दंड वाढवा) म्हटलं की ३०० जातात आणि चार इम्पचा फटका बसतो. म्हणजे बोलून मिळालं तर चिमूटभर, गेलं तर मूठभर.

त्याच पानांत फक्त किलवरची दुर्री काढा आणि इस्पिकचं चौथं पान घाला. पॉइंट तेच आठ. हुकूम मात्र नऊ झाले आणि बेरीज १७. आपले नऊ, त्यांचे आठ असतील तर ५० ऐवजी १४० मिळतात. उलट असेल तर १४० ऐवजी ५० जातात. दोन्हीकडे ९० गुणांचा फायदा! एका दुर्रीच्या जागी एक छोटं इस्पिक आलं आणि निर्णय पूर्ण उलटला. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा जुने स्कोअरकार्ड काढून मी आठवडाभर तेच तपासत बसले होते.

तुमच्या डावात बेरीज १६ सुद्धा आली नाही. तुमचे सात, त्यांचे आठ, मिळून १५. हा नियम अंदाजाचा आहे, एखादा हात इकडेतिकडे होतोच. पण तुमच्या पानांत तो खाली सरकण्याची चिन्हं आधीपासून दिसत होती. ४-३-३-३ अशी सपाट वाटणी, कापायला कुठे जागा नाही. शिवाय चौकटचे राजा-गुलाम आणि किलवरची राणी ही पानं आपल्या खेळापेक्षा बचावात जास्त हात देतात. अशी पानं हातात असली की मी पास देते आणि पहिली उतारी कोणती करायची याचा विचार सुरू करते. तुमचे ५० यायचे ते १०० गेले, म्हणजे १५० गुण, चार इम्प. एका बोलीच्या मानाने ही किंमत जास्त आहे.

प्रश्न : मी ३ इस्पिकने सुरुवात केली. डावीकडून ४ बदाम आले, भिडू पास, उजवीकडे पास. आम्ही व्हल्नरेबल नव्हतो, ते होते. मी ४ इस्पिक म्हटलं आणि डबल होऊन मार खाल्ला. भिडू अजून धड बोलत नाही. सात इस्पिक असताना गप्प बसायचं का?

हो, बसायचं. हे मी अगदी मनापासून सांगते आहे, कारण हाच धडा मी एका मॅचच्या शेवटच्या डावात शिकले.

बोली तुमच्यासारखीच होती. माझी पानं आजही पाठ आहेत : इस्पिक राजा-राणी-१०-९-७-४-३, बदामची एक छक्की, चौकट गुलाम-८-५, किलवर ९-२. मनात एकच हिशेब, की ते व्हल्नरेबल आहेत, ४ बदाम झाला तर ६२० जातील, आपण तीन डाऊन गेलो तरी ५००. मी ४ इस्पिक टेबलावर ठेवलं. डबल. उतारी झाली आणि माझे भिडू डमी, म्हणजे आपली सगळी पानं उघडी करून, मांडू लागले. हुकमाच्या रांगेत त्यांनी इस्पिकची पंजी ठेवली आणि हात मागे घेतला. तिथे दुसरं पानच नव्हतं. शेजारी बदामची रांग लागली : राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी. किलवरचा एक्का, चौकटचा राजा. ते वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, बोलले काहीच नाहीत. पण ती एकटी पंजी पाहूनच मला सगळं कळलं. ४ बदामला माझ्या भिडूंचे हुकमाचे दोन हात पक्के होते, किलवरचा एक्का होता आणि चौकटचा राजा नेमका एक्क्याच्या मागे बसला होता. एक डाऊन, आम्हाला १००. डबल म्हणून हुकमाची वाटणी उघडी करायची नाही, एवढ्यासाठी त्यांनी पास दिला होता. मी तीन डाऊन गेले आणि ५०० दिले. ६०० गुणांचा फरक, १२ इम्प.

आता माझाच हिशेब शांतपणे मांडून पाहा. ४ बदाम खरंच होत असता, तर ६२० ऐवजी ५०० देऊन माझे वाचले असते १२० गुण, म्हणजे तीन इम्प. होत नसता तर गेले १२. तीन मिळवायला १२ पणाला! पाचपैकी चार वेळा ४ बदाम होणारच अशी खात्री असेल तेव्हा कुठे हा सौदा बरोबरीत येतो. आणि अशी खात्री मला कुठून असणार? माझ्या पानांत बदामची एक छक्की होती. ४ बदाम होतो की नाही हे सांगू शकणारा टेबलावर एकच माणूस होता आणि त्याने पास दिला होता.

३ इस्पिक म्हणताना आपण भिडूला सगळं सांगून टाकतो : सात पानं, कमी ताकद, बाहेर काही नाही. तुम्हाला त्याचं काहीच माहीत नसतं, त्याला तुमचं जवळजवळ सगळं माहीत असतं. मग पुढचा निर्णय कुणी घ्यायचा? म्हणून जितकं वर जायची तयारी असेल तितकं पहिल्याच फेरीत जा. आठ इस्पिक असती आणि तुम्ही सरळ ४ इस्पिकनेच सुरुवात केली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. तेव्हा अवघड निर्णय डावीकडच्या माणसाला घ्यावा लागतो. ३ म्हणून नंतर ४ म्हणण्यात तो निर्णय त्याने आधीच आरामात घेतलेला असतो, आणि वर तुम्ही त्याला डबल म्हणायची आणखी एक संधी देता.

भिडूशी मात्र आजच बोला. "मी तुमच्या पासवर विश्वास ठेवायला हवा होता," एवढं वाक्य पुरतं. मला ते म्हणायला दोन दिवस लागले होते.

प्रश्न : गेम (४ इस्पिकसारखी मोठं बक्षीस देणारी बोली) एका फिनेसवर (समोरच्यांचं मोठं पान सोयीच्या बाजूला असेल या आशेवर लहान पानाने हात घेण्यावर) अवलंबून असेल असं वाटलं तर बोलावा का?

टीम मॅचमध्ये जरूर. व्हल्नरेबल असताना ४ इस्पिक बोलून झाला तर ६२०, खालीच थांबून तेवढेच हात केले तर १७०. फरक ४५०, दहा इम्प. बोलून एक डाऊन गेलात तर १०० गेले आणि १४० मिळायचे राहिले, म्हणजे २४०, सहा इम्प. दहा मिळवायला सहा पणाला लावायचे, तर ३७.५ टक्के शक्यता पुरते. व्हल्नरेबल नसताना सहाविरुद्ध पाच इम्प होतात, तेव्हा साधारण ४५ टक्के लागतात. फिनेस ५० टक्क्यांची, दोन्ही वेळा बोला. दोन फिनेस असून दोन्ही लागायलाच हव्यात असं असेल तर शक्यता २५ टक्क्यांवर येते, तिथे थांबा. प्रतिस्पर्ध्यांकडची एका रंगाची सहा पानं ३-३ फुटण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के, ती व्हल्नरेबल असतानाही काठाच्या किंचित खालीच राहते. पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) किती गुणांनी जिंकलात याला महत्त्व नाही, किती जोड्यांना मागे टाकलंत याला आहे. म्हणून तिथे ५० टक्क्यांच्या खाली माझी बोली जात नाही.

हा सगळा हिशेब 'व्हल्नरेबल' या एका कल्पनेने रंगतो. हॅरोल्ड व्हॅन्डरबिल्ट यांनी १९२५ मध्ये एका जहाजावरच्या प्रवासात ही गुणपद्धत पहिल्यांदा खेळून पाहिली आणि हा शब्द त्यांना एका सहप्रवासी तरुणीने सुचवला. तिच्या शब्दावर आपण आजही डोकं शिणवतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

प्रश्न : माझ्याकडे बदामचे राजा-गुलाम होते आणि प्रतिस्पर्धी बदाम बोलले. चार पॉइंट धरायचे की नाही?

कोण बोललं ते आधी सांगा! उजवीकडचा बोलला असेल तर त्याचे एक्का-राणी तुमच्या आधी खेळणार, तुमचा राजा चारच्याही वर धरा. डावीकडचा बोलला असेल तर तोच राजा त्याच्या एक्का-राणीच्या तोंडात बसलाय, मी त्याचे फारतर दोन धरते. आणि तुम्हीच खेळणार की बचाव करणार हेही पाहा. आपला हुकूम ठरला की त्यांच्या रंगातला गुलाम बहुतेक वेळा नुसती शोभा असतो.

प्रश्न : ३ बदामवर भिडूने खूप वेळ विचार करून पास दिला. मला बोलायचंच होतं, मी ३ इस्पिक म्हटलं आणि झालं. प्रतिस्पर्ध्यांनी डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावलं, निकाल बदलला. आम्ही काही फसवलं नव्हतं. हा अन्याय नाही का?

तुम्हाला किती लागलं असेल ते समजतं, पण निकाल योग्य वाटतो. तुम्ही फसवलंत असं डायरेक्टरने म्हटलेलंच नाही. ब्रिजच्या नियमावलीतला नियम १६ तुमच्या हेतूविषयी काही विचारत नाही. भिडूच्या रेंगाळण्यातून तुम्हाला एक माहिती मिळाली, की त्याच्याकडे काहीतरी जास्त आहे. ती बोलीतून आलेली नाही. समोर दोन-तीन तार्किक पर्याय असतील तर त्या माहितीने सुचवलेला पर्याय तुम्हाला निवडता येत नाही, बस. पहिल्या प्रश्नातल्यासारखी तीन इस्पिकांची सपाट पानं असतील तर पास हा उघडउघड तार्किक पर्याय आहे. चार इस्पिक आणि बदामचं एकच पान असतं, तर जवळपास प्रत्येकजण बोललाच असता आणि मग तुमचं ३ इस्पिक टिकलं असतं.

दोन गोष्टी आजपासून करून पाहा. भिडूला सांगा, की ३ बदाम येणार हे २ इस्पिक झाल्याबरोबर दिसत असतं, तो विचार तेव्हाच करून ठेवायचा, म्हणजे पाळी आल्यावर पास नेहमीच्या वेगाने पडतो. आणि तो कधी रेंगाळलाच, तर तुम्ही आपल्या पानांकडे बघून स्वतःला विचारा : भिडूने झटकन पास दिला असता तर मी बोललो असतो का? किंचितही शंका आली तर पासचं कार्ड काढा.

पुढच्या वेळी पत्रात चारही हातांतली पानं, कोण व्हल्नरेबल होतं आणि पूर्ण बोली लिहा. तीन पत्रं केवळ तेवढ्यासाठी बाजूला ठेवावी लागली.