युटाच्या वाळवंटात मुलांसोबत एका दिवसात खडे शोधायला कुठे जावं?

टोपाझ माउंटनला जा. सॉल्ट लेक सिटीहून पहाटे निघालात तर रात्रीपर्यंत घरी परत येता. पाणी आणि पेट्रोल डेल्टा गावातच भरून घ्या, डोंगरावर काही मिळत नाही.

तिथल्या रायोलाइट या ज्वालामुखीच्या खडकाच्या पोकळ्यांत पुष्कराज, म्हणजेच टोपाझ, असतो. खडक फोडून काढलेला ताजा खडा मधाच्या रंगाचा दिसतो. उन्हात राहिला की रंग उडून काचेसारखा पारदर्शक होतो, म्हणून घरी तो अंधाऱ्या डबीतच ठेवा. हातोडी मोठ्यांनीच चालवावी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. मुलांना मात्र ओहोळाच्या कोरड्या पात्रातून, सूर्य समोर ठेवून चालायला सांगा. वाळूत पडलेले खडे लखकन चमकतात, आणि तो पहिला खडा मूल कधीच विसरत नाही! जुलै-ऑगस्टचं ऊन टाळा.