शोधनिबंधांचा आकडा कसा वाचावा?

प्रश्न : आमच्या तेरा वर्षांच्या मुलीला नैराश्यासाठी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं आहे. एका डॉक्टरांच्या माहितीपत्रकावर '१२०हून अधिक शोधनिबंध' असं छापलंय. हे घरी बसून तपासता येईल का?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : येईल, आणि फुकट. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची 'पबमेड' ही वैद्यकीय शोधनिबंधांची सूची सर्वांना खुली आहे. शोधपट्टीत इंग्रजीत आधी आडनाव, मग जागा सोडून आद्याक्षरं टाका, त्यापुढे चौकोनी कंसात 'ऑथर'. आद्याक्षरांमध्ये टिंब नको. नुसतं आडनाव आणि एक आद्याक्षर दिलंत, तर हृदयरोगापासून कीटकशास्त्रापर्यंतचे सगळे कुलकर्णी समोर येतात. शिवाय एकाच माणसाच्या काही लेखांत वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, काहींत नसतं. म्हणून दोन्ही रूपं शोधा. यादी छोटी करायला 'पुणे' मात्र जोडू नका. २०१४ पूर्वीच्या बहुतेक नोंदींत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता आहे. तुमचे डॉक्टर तिसऱ्या क्रमांकावर असतील, तर तो लेख गळेल.

१२०ऐवजी ४०च सापडले तर लगेच संशय नको. परिषदांतले गोषवारे, पुस्तकांतली प्रकरणं आणि पबमेडमध्ये नसलेली नियतकालिकंही लोक मोजतात. 'गूगल स्कॉलर' या गूगलच्या शोधनिबंध-शोधयंत्रावर आकडा आणखी फुगतो, कारण तिथे एकच लेख दोनदा येतो आणि नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे लेखही चिकटतात.

खरी माहिती एकेक नोंद उघडल्यावर मिळते. लेखकांचा क्रम पाहा : पहिल्याने बहुधा प्रत्यक्ष काम केलेलं असतं, शेवटचा बहुधा मार्गदर्शक किंवा गटप्रमुख. मधल्या नावांचा वाटा नुसत्या यादीवरून कळत नाही. मग गोषवाऱ्यात चार गोष्टी शोधा : मुलं किती, वयं काय, तुलनेला दुसरा गट होता का, किती आठवडे पाहिलं. एका रुग्णाची हकिकत आणि दोनशे मुलांवरची चाचणी आकड्यात सारखीच '१' मोजली जाते. प्रौढांवरच्या अभ्यासाचे निष्कर्षही तेरा वर्षांच्या मुलीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

हे किती महत्त्वाचं आहे, ते 'स्टडी ३२९'वरून दिसतं. पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाची २७५ किशोरवयीनांवरची ही चाचणी २००१ साली या विषयातल्या अत्यंत प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात आली. लेखक २२. निष्कर्ष असा, की औषध गुणकारी आणि सहसा सोसणारं. मूळ कागदपत्रांवरून फेरविश्लेषण झालं, ते २०१५ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं : नैराश्यावर औषध प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस नव्हतंच, उलट आत्महत्येचे विचार आणि तसं वागणं वाढलेलं होतं. म्हणून मोठ्या नियतकालिकाचं नाव पाहून थांबू नका. पैसा कोणाचा, हे लेखाच्या शेवटी वाचा. भारतातली चाचणी असेल तर 'सीटीआरआय' या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत तिचा नोंदणी क्रमांक टाकून, औषधाचा परिणाम पाहण्यासाठी आधी ठरवलेलं मोजमाप आणि छापलेलं मोजमाप एकच आहे का, ते ताडून पाहा. मोजमाप मधेच बदललेलं दिसलं, तर निष्कर्षावर फार भिस्त ठेवू नये.

एवढं करूनही डॉक्टर मुलीशी कसं बोलतील, हे यादी सांगणार नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा आणि या वयाच्या किती मुलांना ते नियमित पाहतात, हे पहिल्याच भेटीत सरळ विचारा. मुलगी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर हा सगळा शोध बाजूला ठेवा. आजच जवळच्या रुग्णालयात न्या किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा.

प्रश्न : मानसोपचारात एमडी करतेय. लग्नानंतर आडनाव बदललं आणि माझे लेख दोन नावांत विभागले. काय करू?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आजच 'ऑर्किड' (ORCID) हा संशोधकाचा ओळखक्रमांक काढा. तो सोळा अंकी, विनामूल्य आणि आयुष्यभराचा असतो. त्यात दोन्ही नावं नोंदवा आणि जुने लेख डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकाने जोडा. हाताने टाइप केलेल्या नोंदी दुहेरी होतात. यापुढे प्रत्येक लेख पाठवताना हा क्रमांक द्या आणि नावाचं एकच रूप वापरा, मग ते माहेरचं असो वा सासरचं. लेखसूचीत मूळ लेख, आढावे, रुग्णहकिकती आणि गोषवारे वेगवेगळे ठेवा.

आणखी एक, 'यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्य' असं मिरवून पैसे मागणाऱ्या नियतकालिकांपासून सावध राहा. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी, जिचं काम आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं, २०२५ मध्ये आयोगाने बंद केली. आठवड्याभरात छापून देतो म्हणणाऱ्यांकडे समीक्षा झालेलीच नसते, आणि एकदा तिथे छापलेला लेख दुसरीकडे पाठवता येत नाही.