इंग्लंडमधल्या लेस्टरला येणाऱ्या ताईंना: डॉक्टरच्या फोनबद्दल

ताई, तुम्ही विचारलंत की नवऱ्याच्या व्हिसावर येऊन गोदामात काम धरणार आहात, तिथे डॉक्टर फोनवरच बोलतात, म्हणजे आजारपणात रजा बुडणार नाही ना? व्हिसाचं बाकी सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते. या प्रश्नाचं उत्तर मात्र तिथे मिळत नाही.

रजा वाचत नाही. बऱ्याच ठिकाणी फोनची नेमकी वेळ न देता ‘सकाळी ८ ते १ मध्ये कधीही’ असं सांगतात. बऱ्याच गोदामांत मोबाइल लॉकरमध्ये ठेवायला लावतात. डॉक्टरचा फोन बऱ्याचदा नंबर न दिसता येतो, आणि अनोळखी नंबर बंद ठेवले असतील तर वाजतही नाही. एकदोनदा उचलला नाही की ‘रुग्ण उपलब्ध नाही’ अशी नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी ८ वाजता दवाखान्याच्या फोनवर रांग. व्हिसासोबत वर्षाला मोठ्या माणसामागे १०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरायचा आणि वर हे, याचा मला अजून राग येतो.

म्हणून इंग्लंडमध्ये आल्यावर दवाखान्याचा ऑनलाइन अर्जच वापरा. ऑक्टोबर २०२५ पासून तातडीच्या नसलेल्या तक्रारींसाठी तो सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० उघडा ठेवणं दवाखान्यांना बंधनकारक आहे. त्यात विश्रांतीची वेळ लिहा: ‘१०.३० ते १०.४५ लाच बोलू शकते.’ रात्रपाळी असेल तर तेही लिहा, नाहीतर झोपेत फोन येईल. दवाखान्याच्या नोंदीत भारतातला नंबर राहिला नाही ना, पाहा. संध्याकाळी ६.३० ते ८ आणि शनिवारी ९ ते ५ याही भेटीच्या वेळा असतात, कधी शेजारच्या दवाखान्यात. रिसेप्शनवर आपण होऊन सांगतीलच असं नाही, विचारावं लागतं.

सगळ्यात मोठा तोटा वेगळाच. फोनवर डॉक्टरला चेहरा दिसत नाही, पोट दाबून बघता येत नाही, मुलाचा श्वास मोजता येत नाही. आपण सवयीने ‘तसं बरं आहे’ म्हणतो आणि तेच लिहिलं जातं. बाजूला सुपरवायझर उभा असेल तर बाई अंगावर जाण्याबद्दल काय बोलणार? म्हणून आधी कागदावर लिहा: ताप किती, किती दिवस, दिवसात किती उलट्या, कोणतं औषध किती मिलिग्रॅम. पोटदुखी, गाठ, मुलाची धाप असेल तर पहिल्याच वाक्यात ‘प्रत्यक्ष तपासा’ म्हणा. तो हट्ट नाही, मागायचा अधिकार आहे. छातीत कळ आली तर यातलं काहीच नको, सरळ ९९९ या आणीबाणीच्या नंबरवर फोन. घसा, कान (फक्त १ ते १७ वर्षांच्या मुलांना), साध्या लघवीच्या संसर्गासाठी (फक्त १६ ते ६४ वर्षांच्या बायकांना) थेट औषधाच्या दुकानात जा. फार्मासिस्ट तपासून गरज पडल्यास अँटिबायोटिकही देतो.

एकटेपणाचंही विचारलंत. ते निभतं. पण तापात एकटीने फोनची वाट बघणं वाईट असतं, तेव्हा शेजारणीचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

मालकाला पहिल्या ७ दिवसांसाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आपणच लिहून द्यायचं. सुट्टीचे वारही त्यात मोजतात. आठव्या दिवसापासून लागते, आणि ती मात्र फोनवरच बोलून मिळू शकते.