कॉफी प्यायल्यावर तरतरी येण्याऐवजी डोकं जड होतं, काही सुचत नाही. असं का होत असेल?

तुम्ही लिहिलंय की दिवसाला तीन कप होतात आणि पाचचा कप झाला की तासाभरात डोळे मिटायला लागतात, समोरचा कागद डोक्यात शिरत नाही. 'कॉफीने कुठे झोप येते का?' असं लोक तुम्हाला म्हणत असतील. मलाही म्हणायचे. पण येते, आणि त्याला कारणं आहेत.

मी मुद्रितशोधक आहे. डोकं ठिकाणावर नसलं तर आमच्या कामात ते लपत नाही, चूक छापून येते. एका आरोग्यविषयक पुस्तिकेत 'मेंदूतली शिर' असं छापलं गेलं. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. हा फरक मी झोपेतून उठूनही सांगितला असता. आणि ते पान मी संध्याकाळी, साडेपाचच्या कॉफीनंतर, दोनदा वाचलं होतं. फार लागलं मनाला. दुसऱ्या दिवसापासून पाठकोऱ्या कागदावर टिपायला लागले: कप किती वाजता, डोकं जड किती वाजता, रात्री झोप कशी.

आधी कॅफिन काय करतं ते सांगते. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते ठरावीक जागांवर जाऊन बसलं की थकवा जाणवतो, झोप येते. कॅफिनची घडण त्याच्याशी मिळतीजुळती असते, त्यामुळे ते त्याच जागा अडवतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. अ‍ॅडेनोसिन त्याने गाडीतून उतरत नाही. ते मधल्या वाटेत उभं राहतं, मागून आणखी चढत राहतं, आणि कॅफिनचा जोर ओसरला की सगळी गर्दी एकदम बसते. तो थकवा कॉफीने आणलेला नसतो, सकाळपासूनचा साठलेला असतो. कॉफीचं ते उसनं अवसान.

रोजच्या कॉफीची शरीराला सवयही होते. मग सकाळचा पहिला कप तुम्हाला फक्त जागेवर आणतो, पुढे नेत नाही. कप चुकला तर उलटंच. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ, डोक्यात धुकं असल्यासारखं वाटणं सुरू होतं. एरवी कॅफिनमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्या सैलावतात, म्हणून डोकं ठणकतं. रविवारी उशिरा उठले की माझं हमखास दुखायचं. मी त्याला उन्हाचा त्रास म्हणायचे.

पण माझ्या टिपणांत खरी गोम निघाली ती झोपेची. पडल्या पडल्या झोप लागायची, म्हणून कॉफीवर संशय घ्यायचं कारणच वाटलं नव्हतं. सात तास पडून राहायचे, सकाळी अंग मोडून आल्यासारखं वाटायचं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात झोपायच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली. ४०० मिलिग्रॅम खूप झालं, पण धडधाकट प्रौढ माणसाने दिवसभरात घ्यायला हरकत नाही असं मानतात, ती हीच मर्यादा.

घेतलेल्यातलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला सरासरी ५ तास लागतात. हे काम यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. ते कुणात जन्मतःच चपळ असतं, कुणात संथ. माझ्या डॉक्टरबाईंनी ही टिपणं पाहून पहिला प्रश्न विचारला, गोळ्या कुठल्या चालू आहेत? पाळीच्या त्रासासाठी मी तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. त्या गोळ्यांनी हा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे साडेपाचच्या कपातलं निम्मं कॅफिन पहाटे साडेतीनला माझ्या अंगात होतं. हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं. गरोदरपणात तर हा वेळ आणखी लांबतो.

मग अपुऱ्या झोपेवर पुन्हा कॉफी. जागरणानंतर कॉफीने डोळे उघडे राहतात, पण आपण कुठल्या पायरीवर होतो हे लक्षात ठेवत करायचं काम बहुतेकांना त्याने फारसं जमत नाही, असं मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांना २०२१मध्ये दिसलं. ते वाचताना मला माझी 'शिर' आठवली. डोळे उघडे होते, वेलांटी दिसली नाही.

तुमच्या पाचच्या कपाआधी रिकामं पोट असेल आणि कॉफीत दोन चमचे साखर, तर साखर चढून उतरल्याचाही त्यात हात असू शकतो. जेवणावर लगेच कॉफी घेत असाल तर तेही थांबवा, अन्नातलं लोह त्याने कमी शोषलं जातं. थायरॉइडची गोळी आणि कॉफी यांत निदान अर्धा ते एक तास जाऊ द्या. आणि थकवा मुळातच पाठ सोडत नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ तपासून घ्या. सगळं खापर कॉफीवर फोडू नका.

एकदम मात्र सोडू नका. मी तसं केलं आणि दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होते. दुसऱ्यांदा दर चार दिवसांनी पाव कप कमी केला, आधी संध्याकाळचा, तो गेल्यावर दुपारचा. आता सकाळी दहाला एकच कप, घरचीच फिल्टर कॉफी. अवघड प्रुफं दुपारी चारला वाचते, आणि पाठकोरा कागद अजून टेबलावर असतो. तुम्हीही दोन आठवडे वेळा लिहून ठेवा आणि इथे कळवा, विशेषतः पाचचा कप बंद केल्यावर सकाळी कसं वाटतं ते.