इंग्रजीतला 'इपिटमी' (epitome) म्हणजे मूर्तिमंत उदाहरण की सारांश?
दोन्ही अर्थ बरोबर आहेत. मात्र उच्चार 'एपिटोम' नसून चार अक्षरांचा 'इपिटमी' असा आहे, आणि आपल्याकडची मुले नेमकी तिथेच अडखळतात. 'कापून आखूड करणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आलेला हा शब्द आधी ग्रंथाच्या संक्षेपाला लागला आणि पुढे, एखाद्या गुणाचे सारे सार ज्यात एकवटले आहे, अशा व्यक्तीला किंवा वस्तूलाही लागू झाला. एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले वेरूळचे १६ क्रमांकाचे कैलास लेणे शैलस्थापत्याची 'इपिटमी' आहे, असे म्हणणे अगदी चपखल ठरते. सारांशासाठी मात्र आज 'समरी' किंवा 'सिनॉप्सिस' वापरावे. मराठीत तर फारसीतून आलेला, मराठवाड्याच्या महसुली कागदांत रुळलेला 'गोषवारा' हा सुरेख शब्द आहेच.